मास्तरांनी भिजवलेला उतार

आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता, आणि तरीही मास्तर सकाळी सहाला खाणीच्या उतारावर रबरी नळी धरून उभे होते. दहा मिनिटं मारू म्हणून सुरू केलेलं पाणी अर्धा तास झाला तरी चालूच होतं. भीतीचं असंच असतं, तिला माप कळत नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कौलांच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं पिकअप चालवत होते. रिकामी गाडी खाली खाणीत न्यायची, माती भरायची, चढ चढून वर यायचं आणि साच्यांच्या शेडपाशी ओतायची. दिवसाला चौदा खेपा. आसपासच्या निम्म्या ड्रायव्हरांना त्यांनीच गाडी शिकवली, म्हणून ते मास्तर. शिकवताना असे काही ओरडायचे की शिकणाऱ्याला गियरपेक्षा त्यांचीच धास्ती जास्त वाटायची. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या कुणी गाडी उलटवल्याचं अजून तरी कुणाच्या कानावर आलेलं नव्हतं.

त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी त्यांच्याच घरात होती. लहानपणी गुटगुटीत, म्हणून तिला ढब्बू म्हणायचे. आता ती सत्तावीस वर्षांची, बापापेक्षा चार बोटं उंच आणि अंगावर मांस औषधालाही नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ढब्बूला नोकरी लागली होती ती दातांच्या फिरत्या दवाखान्यात. एका बंद ट्रेलरमध्ये दातांची खुर्ची, दिवा, यंत्रं. तो ट्रेलर ओढायला कोरी करकरीत फोर बाय फोर पिकअप. शेजारी दातांची डॉक्टरीण आणि स्टिअरिंगवर ढब्बू. डोंगरातल्या ज्या वस्त्यांवर दुखरी दाढ घेऊन लोक वर्ष वर्ष काढतात, तिथं जायचं. परवा निघायचं होतं. ट्रेलर तिकडे तयार होता, आणि गाडी हाताला बसावी म्हणून ती दोन दिवस घरी घेऊन आली होती.

नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा मास्तरांनी अख्ख्या कारखान्याला चहा पाजला होता. छाती अशी फुगली होती की शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटावी. आणि त्याच दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच रस्ता फिरत होता. डोंगरातला रस्ता म्हणजे माती. माती म्हणजे कधीतरी चिखल. त्यात मागे ट्रेलर, चढताना मागे खेचणारा आणि उतरताना पाठीत ढकलणारा. आणि शेजारी बसलेली बाई दातांतली, रस्त्यातली नव्हे.

‘मला भीती वाटते’ हे तीन शब्द आहेत. पण मास्तरांच्या तोंडून ते निघणं म्हणजे दगडातून पाझर फुटणं. म्हणून काल जेवताना त्यांनी भलतंच काढलं.

“तुझी चार चाकं ओढणारी, माझी दोन. ट्रॉली एकच, माती तेवढीच. उद्या बघू, कोण कुणाला पाणी पाजतं ते.”

“अहो, या वयात लोक गुडघे सांभाळतात,” बायको म्हणाली. “तुम्ही पोटच्या पोरीशी शर्यत लावा.”

ढब्बू मात्र हसली. “लागली पैज, बाबा. हरलात तर रडायचं नाही.”

बायकोला वाटलं जुनी खोड, लेकीला वाटलं गंमत. खरी गोष्ट अशी होती की मास्तरांना जिंकायचंच नव्हतं. चिखलात चार चाकं दोन चाकांपेक्षा सरस चढतात हे न कळायला ते काही दुधखुळे नव्हते. त्यांना फिकीर होती ती उतरण्याची. नवी फोर बाय फोर हाती आलेला माणूस चिखलातून सरळ वर चढतो आणि त्याला वाटतं, रस्ता आपल्या खिशात. मग तो त्याच तोऱ्यात उतरायला लागतो, आणि तिथं गाडी पायाखालून निघून जाते. ढब्बूने एकदा घसरावं, अशी त्यांची इच्छा होती. एकदाच, आणि ते इथं, त्यांच्या डोळ्यांसमोर घसरावं. म्हणून उतार भिजवला होता, आणि म्हणूनच वळणाच्या बाजूला आदल्या संध्याकाळी त्यांनी सैल, चाळलेल्या मातीचा कमरेएवढा ढीग लावला होता. लेक घसरली तर त्यात जाऊन रुतेल, तिला खरचटणारही नाही. गाडी पाडायची आणि पडणाऱ्याखाली गादीही घालायची, असला उद्योग बापच करू जाणे.

ते नळी गुंडाळून घरी आले तेव्हा बायको दारातच होती. तिने त्यांच्या चिखलाने माखलेल्या बुटांकडे पाहिलं.

“कुठं होता?”

“गाडी धुतली.”

बायकोने अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. तिच्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ होती. आत जाऊन तिने चहा ठेवला. नवऱ्याने थाप मारली की ती आधी चहा देते आणि मग वाट बघते.

नऊ वाजता कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत बायकोसकट सगळे जमले. सुट्टीचा दिवस, त्यामुळे कामगार फार नव्हते. पण मुकादम होता, गळ्यात शिट्टी घालून. पंच कोण, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्याने कुणाला विचारू दिलंही नव्हतं.

पहिली फेरी कोरड्या जमिनीवर. दोन चाकांची ट्रॉली काठोकाठ मातीने भरलेली. मास्तरांनी ती आपल्या चोवीस वर्षांच्या म्हाताऱ्या पिकअपला जोडली, हुकात पिन घातली, पिनेला खिळा लावला आणि शेडपासून फाटकापर्यंत ओढून दाखवली. गाडी कुरकुरली, पण कुठं अडली नाही. मग ढब्बूने ओढली. ती कुरकुरलीही नाही, एवढाच काय तो फरक.

“बघितलंस?” मास्तर म्हणाले. “कोरड्या रस्त्यावर दोन काय नि चार काय. ओढ असते इंजिनाची आणि पकड असते मातीची. मातीने धरून ठेवलंय तोवर तुझी पुढची दोन चाकं नुसती फुकटची पाहुणी. वजन वाढवतात आणि डिझेल पितात.”

“आणि मातीने सोडलं की?”

“ते आता बघू.”

दुसरी फेरी खाणीच्या चढाची. जुना कोरडा रस्ता लांबून फिरून खाली जायचा. तिकडून दोन्ही गाड्या आणि ट्रॉली खाली नेली, आणि भिजलेल्या उताराने वर यायचं ठरलं. उतार ओला कसा, हे विचारायला मुकादमाने तोंड उघडलं होतं. मास्तरांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने त्याच तोंडाने शिट्टी वाजवली.

मास्तरांची गाडी दहा पावलं चढली आणि मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. इंजिन पुढे, वजन पुढे, ओढायचं मागच्यांनी आणि मागचा हौदा रिकामा. मास्तर शांतपणे उतरले. मातीची आठ पोती त्यांनी हौद्यात टाकली, ती बरोबर मागच्या चाकांच्या वर. टायरांतली थोडी हवा सोडली. मग दुसऱ्या गियरमध्ये, जराही न रेटता, नागमोडी घेत घेत ट्रॉली वर आणली. वर आले तेव्हा बनियन पाठीला चिकटलं होतं. मुकादमाने टाळ्या वाजवल्या.

ढब्बूने गाडी फिरवून आणली आणि कोरड्या रस्त्याने ट्रॉली पुन्हा खाली नेली. हौदा रिकामाच ठेवला, चारही चाकांना जोर दिला, लो गियर टाकला आणि ती वर आली, जशी माणसं जिना चढून घरात येतात तशी. पोती नाहीत, नागमोडी नाही, घाम नाही.

“तुझी गाडी जिंकली,” मास्तर लगेच म्हणाले. हरलेल्या माणसाने एवढ्या घाईने हार मान्य केली की समजावं, पाणी कुठंतरी मुरतंय. “आता ट्रॉली सोड. आणि इकडूनच खाली उतर बघू.”

ढब्बूने उताराकडे पाहिलं. मग बापाकडे. “आधी तुम्ही.”

“मी कशाला?”

“ओल्या उतारावर जुना ड्रायव्हर आधी, नवा मागून. नियम तुमचाच आहे ना?”

नियम त्यांचाच होता. नव्या पोरांनी आंधळेपणाने गाडी घालू नये म्हणून शेडच्या भिंतीवर त्यांनीच तो रंगवून घेतला होता. मुकादमाने भिंतीकडे बोट दाखवलं, न विचारता. मास्तरांनी मनातल्या मनात मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि गाडीत बसले. पोती त्यांनी मघाशीच उतरवून ठेवली होती. पुन्हा चढवायला सांगावं तर ‘उतरायला कशाला?’ असं विचारतील. विचारलं की सांगावं लागेल. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

रिकाम्या हौद्याची गाडी उतारावर किती चंचल होते हे मास्तरांएवढं कुणाला ठाऊक नव्हतं. पण अर्धा तास मारलेलं पाणी चढताना दोन गाड्यांनी मळलं होतं, आणि आता त्या उताराचं लोणी झालं होतं. पहिल्या वीस पावलांत मागचा भाग डावीकडे सरकला. मास्तरांनी सावरलं. वळणापाशी तो उजवीकडे सरकला, आणि मग गाडी सावकाश, अगदी अदबीने, आडवी होत होत मातीच्या ढिगात नाक खुपसून थांबली. वर मुकादमाची शिट्टी वाजली. ती का वाजवली हे त्यालाही सांगता आलं नसतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ढब्बू उताराच्या कडेच्या गवतावरून धावत खाली आली. दार उघडून तिने आधी बापाचं डोकं, मग हात, मग गुडघे चाचपले. सगळं जागेवर होतं. मग ती उभी राहिली आणि आजूबाजूला बघायला लागली. वरचं मैदान कोरडं ठणठणीत. खाली खाणीत धूळ. मधला उतार तेवढा चिंब. आणि गाडी ज्यात रुतली होती ती माती चाळलेली, एकही खडा नसलेली.

“बाबा,” ती म्हणाली, “पाऊस काय आपल्या उतारापुरताच पडला?”

मास्तरांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

“आणि ही माती कुणी चाळली?”

“चाळली मीच.”

“मी पडावं म्हणून?”

“तू इथं पडावीस म्हणून,” मास्तर म्हणाले. “तिकडे पडू नयेस म्हणून.”

गाडीला वळसा घालून ढब्बू पलीकडच्या दाराने आत आली आणि शेजारी बसली. गाडी तिरकी होती, त्यामुळे दोघंही एका बाजूला कलून बसले होते.

“भीती वाटते मला,” मास्तर म्हणाले. निघाले एकदाचे तीन शब्द, आणि मग मागचेही थांबेनात. “चढायची काळजी नाही. ती तुझी गाडी करेल. पण चार चाकं चढवतात, थांबवत नाहीत. थांबवायला माझ्या गाडीलाही चारच चाकं आणि तुझ्या गाडीलाही चारच. त्यात तुझी जड. मागून ट्रेलर रेटणार. मागे एकदा, तू चार वर्षांची होतीस. तुझ्या आईला ताप होता म्हणून तुला घेऊन आलो होतो कामावर. अशीच इथं शेजारी बसवली होती. उतारावर सर आली होती. गाडी रिकामी. मी ब्रेक दाबला आणि गाडी निघाली. या वळणाला तेव्हा ढीग नव्हता, खाली नुसती खोल खाण होती.”

“मग?”

“मग काय. कडेपासून दोन वितींवर थांबली. तू झोपलेलीच होतीस. मी पाऊण तास तसाच बसून होतो. हे कुणाला सांगितलं नाही मी. तुझ्या आईलाही नाही.”

ढब्बूने त्यांचा हात हातात घेतला. चिखलाचा, खरखरीत, नखांत माती बसलेला हात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. पण ती ड्रायव्हर होती, आणि तिने विचारलं ते ड्रायव्हरने विचारायचं तेच.

“थांबवली कशी?”

“थांबवली नाहीच. ब्रेक सोडला.” मास्तरांनी नाक ओढलं. “चाक जाम झालं की गाडी नुसती घसरते, स्टिअरिंग कुठंही फिरव. चाक पुन्हा फिरायला लागलं की ऐकते. पण तो पाय उचलायला छाती लागते, ढब्बे. सगळं अंग ओरडत असतं, दाब, दाब.”

“नव्या गाडीत ब्रेक आपोआप सुटतो आणि धरतो.”

“ते गाडीला माहीत आहे. मातीला माहीत नाही.”

“हे मला काल जेवताना सांगितलं असतं तर?”

“तुझी आई ऐकत होती ना.”

यावर ढब्बूला असं हसू फुटलं की तिरकी गाडी हलली. मास्तरांनाही हसू आलं, आधी नाकातून आणि मग पोटातून. वरून आईचा आवाज आला, “हसताय काय? जिवंत आहात ना दोघं?” आणि तो आवाज जरा कापरा होता.

“चला,” ढब्बू म्हणाली. “तुमची गाडी ओढून काढायला माझी खाली आणावी लागेल. तुम्ही शेजारी बसा.”

“कोरड्या रस्त्याने फिरून आण.”

“इकडूनच आणणार. आणि ट्रॉली जोडून.”

“ट्रॉली कशाला? वेडी आहेस का?”

“परवापासून माझ्यामागे रोज ट्रेलर असणार. तो तुम्हाला दिसणार नाही. आज बघून घ्या.”

मास्तरांनी पुष्कळ कारणं सांगितली. गुडघा दुखतोय म्हणाले, भूक लागली म्हणाले, मुकादमाला घरी जायचंय म्हणाले. मुकादम वरूनच ओरडला, “मला काही घाई नाही.” शेवटी मास्तर वर चालत गेले. ट्रॉलीतली निम्मी माती उपसून त्यांनी ती स्वतः जोडली, पिन दोनदा बघितली, खिळा तीनदा. ढब्बूने ते करू दिलं. मग त्या उंच, नव्या, प्लास्टिकचा वास येणाऱ्या गाडीत ते डाव्या सीटवर चढून बसले. एकतीस वर्षांत कामाच्या उतारावर ते या बाजूला पहिल्यांदाच बसत होते. हातांना काही कामच नव्हतं, ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना.

ढब्बू मात्र लगेच निघाली नाही. खाली उतरून ती उतार पायांनी तुडवत वळणापर्यंत गेली. कुठं टाच किती रुतते, कुठं खाली कडक थर लागतो, ते तिने बघितलं. मग गाडीत येऊन लो गियर टाकला.

गाडीने नाक खाली केलं. समोर नुसता चकाकणारा चिखल आणि वळणावर त्यांचीच जुनी पिकअप तोंड खुपसून बसलेली. मागून ट्रॉलीने पहिला धक्का दिला, तो मास्तरांना पाठीत जाणवला. गाडी माणसाच्या चालीने उतरत होती, इंजिन घुमत होतं. ढब्बूचा उजवा पाय ब्रेकच्या वर होता, पण टेकलेला नव्हता. मागचा भाग जरासा सरकला. तिने स्टिअरिंग बोटभर वळवलं, गाडी ओळीत आली, ट्रॉलीही मागोमाग आली. ती घाबरली नव्हती असं नाही, गळ्याशी एक शीर उडताना मास्तरांना दिसत होती. पण हात बरोबर होते. आता इथं ओरडावं असं काही मास्तरांना सापडेना.

“बाबा,” समोरची नजर न हटवता ढब्बू म्हणाली.

“काय?”

“पाय.”

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय गाडीच्या तळाशी रुतला होता, पोटरी ताणून, बोटं वळवून, अंगातला सगळा जोर लावून. तिथं ब्रेक नव्हता. नुसती रबराची चटई होती.

“उचला,” ती हळूच म्हणाली.

उचलायला वेळ लागला. आधी टाच, मग चवडा. सगळं अंग नको म्हणत होतं. त्यांनी पाय उचलला आणि गुडघ्याशी घेतला.

गाडी होती तशीच, त्याच चालीने उतरत राहिली.